आठवीत गेलेले मूल गप्प का होते?

"सातवीपर्यंत आमचं पोरगं वर्गात सगळ्यात पुढं असायचं. आता शाळेचं काही विचारलं की 'काय नाय' म्हणतं आणि मोबाईल घेऊन पोटमाळ्यावर जातं." "पोरीनं मैत्रिणींना घरी आणणंच बंद केलंय." "कुठं राहतोस विचारलं तर लिंक रोडला म्हणतो, वस्तीचं नाव घेत नाही." विहारात वंदना झाल्यावर चपला घालता घालता आया एकमेकींना अशा गोष्टी सांगतात. त्यावर दोनच उत्तरे मिळतात. एक, वयच तसं आहे, होईल नीट. दुसरे, शेफारलाय, बापाला सांग.

दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. मूल गप्प होते, चिडते किंवा शाळेला दांडी मारू लागते, तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या मनात स्वतःबद्दलचे जे चित्र असते, ते हललेले असते. 'मी हुशार आहे', 'मी चांगला दिसतो', 'माझं कुणीतरी ऐकतं' या तीन गोष्टींवरचा त्याचा विश्वास एकाच वर्षात डळमळतो. या चित्राला मानसशास्त्रात स्वप्रतिमा म्हणतात. हा आरोग्याचाच विषय आहे, कारण झोप, भूक, अभ्यास आणि व्यसनाकडे जाणारी वाट या सगळ्यांचा तिच्याशी संबंध आहे. जून-जुलैत ज्यांच्या घरातले मूल नव्या हायस्कुलात गेले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

एकाच वर्षात किती बदल!

महापालिकेच्या अनेक शाळा सातवी-आठवीपर्यंतच असतात. त्यानंतर भगतसिंग नगर, सिद्धार्थ नगर, तीन डोंगरी, संतोष नगर अशा आपल्या वस्त्यांतली मुले गोरेगावातल्या किंवा मालाड-जोगेश्वरीच्या खासगी अनुदानित हायस्कुलांत जातात. आपल्या लेखी ते फक्त शाळा बदलणे असते. मुलाच्या बाजूने काय काय बदलते ते मोजून पाहा.

पहिलीपासूनचे मित्र वेगवेगळ्या शाळांत विखुरतात. एका बाईंच्या जागी दर तासाला नवे सर येतात, आणि त्यातल्या निम्म्यांना याचे नाव माहीत नसते. सेमी इंग्रजीचा वर्ग असेल तर गणित आणि विज्ञान इंग्रजीतून सुरू होते. काल ज्याला 'अपूर्णांक' येत होता, त्याला आज 'फ्रॅक्शन' कळत नाही, आणि त्याला वाटते आपल्याला गणितच येत नाही. महापालिकेच्या शाळेत गणवेश, दप्तर, वह्या, बूट धरून २७ वस्तू मोफत मिळत होत्या आणि सगळ्यांच्या सारख्याच असत. नव्या शाळेत ते सगळे विकत घ्यावे लागते, आणि कुणाचे दप्तर कोणत्या दुकानातले आहे ते दिसू लागते. वस्तीत सगळे जसे बोलतात तसे वर्गात बोलले की मागच्या बाकावरून हसू ऐकू येते. पूर्वी वर्गात पहिला येणारा मुलगा आता ६० जणांत विसावा येतो. त्यातच एसआरएचे काम निघून घर रिकामे करून संक्रमण शिबिरात जावे लागले असेल, तर जुना शेजारही सुटलेला असतो.

आणि याच वर्षी शरीरही बदलत असते. मुलाचा आवाज फुटतो, तोंडावर पुटकुळ्या येतात. मुलीला पाळी सुरू झालेली असते किंवा होणार असते. कुणाची उंची एका वर्षात वीतभर वाढते, कुणाची अजिबात वाढत नाही.

अमेरिकेतील मिलवॉकी शहरात रॉबर्टा सिमन्स आणि डेल ब्लाइथ या दोन अभ्यासकांनी शाळकरी मुलांचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि १९८७ मध्ये तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. तिथे काही मुले आठवीपर्यंत एकाच शाळेत राहत, तर काहींना सहावीनंतर मोठ्या, अनोळखी शाळेत जावे लागे. शाळा बदलणाऱ्या मुलींचा स्वतःवरचा विश्वास घसरलेला दिसला. जुन्या शाळेतच राहिलेल्या मुलींमध्ये तशी घसरण दिसली नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. एकाच वेळी जितके अधिक बदल, तितका त्रास अधिक. मुलगे असोत की मुली, शाळा बदलणे, वयात येणे, घर बदलणे हे सगळे एकदम आलेल्यांचे गुणही उतरले आणि शाळेतल्या कार्यक्रमांतला सहभागही कमी झाला.

म्हणजे मूल बिघडलेले नसते. त्याच्या पायाखालच्या सगळ्या फरश्या एकाच वेळी हललेल्या असतात. अशा वेळी एखाद-दुसरी फरशी तरी घट्ट राहिली, तर मूल तिच्यावर पाय रोवून उभे राहते. ती फरशी म्हणजे घर, विहार, जुना मित्र, आवडीचा खेळ यांपैकी काहीही असू शकते. पालकांचे काम त्या एका-दोन गोष्टी सांभाळण्याचे आहे.

मूल स्वतःला कोणाच्या डोळ्यांनी पाहते?

स्वतःबद्दलचे चित्र मूल एकटे बसून काढत नाही. आजूबाजूचे लोक आपल्याकडे कसे पाहतात, त्यावरून ते काढते. मॉरिस रोझेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने न्यू यॉर्क राज्यातील हायस्कुलांमधल्या पाच हजारांवर मुलामुलींना प्रश्न विचारून १९६५ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले. त्यासाठी त्याने तयार केलेली दहा साध्या वाक्यांची प्रश्नावली आजही जगभर वापरली जाते. ज्या मुलांच्या आईवडिलांना त्यांच्या मित्रांची नावे माहीत होती, जेवताना जे मुलांना बोलू देत, त्या मुलांना स्वतःबद्दल अधिक चांगले वाटत होते. गुणपत्रिका पाहून रागावणाऱ्या घरांपेक्षाही तिच्याकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या घरांतली मुले स्वतःला अधिक कमी लेखत होती. मुलाला सर्वात जास्त लागते ते दुर्लक्ष.

पुढे रोझेनबर्ग आणि सिमन्स यांनी बाल्टिमोर शहरातल्या काळ्या आणि गोऱ्या मुलांचा अभ्यास केला. काळ्या मुलांचा समाजात इतका अपमान होतो, तर ती स्वतःला कमीच लेखत असणार, असा तेव्हा समज होता. तो खोटा ठरला. आपल्या घरात, आपल्या वस्तीत वाढणारी काळी मुले स्वतःला अजिबात कमी लेखत नव्हती, कारण त्यांच्यासाठी आई, शेजारी आणि मित्र यांचे मत मोलाचे होते. पण जी काळी मुले गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या शाळांत गेली, त्यांचा स्वतःवरचा विश्वास थोडा कमी आढळला. तिथे मोजणारे डोळे बदलले होते.

आपल्याकडे नेमके हेच घडते. वस्तीत आपले मूल कुणाचे तरी लाडके असते. जयंतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळते, विहारात त्रिशरण-पंचशील तोंडपाठ म्हणते, आजीला पेपर वाचून दाखवते. हायस्कुलात यातले काहीच कुणाला माहीत नसते. तिथे पहिला प्रश्न येतो, "आडनाव काय?" दुसरा, "कुठं राहतोस?" आणि दोन्ही उत्तरांनंतर समोरच्याचा चेहरा किंचित बदलतो. तेरा वर्षांच्या मुलाला तो बदल बरोबर दिसतो. घरी येऊन ते सांगत नाही, कारण नेमके काय सांगायचे हेच त्याला कळत नाही. कुणी शिवी दिलेली नसते, कुणी मारलेले नसते. मग ते मित्रांना घरी आणणे बंद करते, कारण भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे.

जातीचा नुसता उच्चारही कसा परिणाम करतो, हे कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील सहावी-सातवीच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात दिसले. मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली होती आणि सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे पैसे मिळणार होते. जातीचा उल्लेख झाला नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांनी जवळजवळ सारखीच कोडी सोडवली. पण सगळ्यांसमोर प्रत्येकाचे नाव आणि जात मोठ्याने सांगितल्यावर दलित मुलांची सुटलेली कोडी ठळकपणे कमी झाली. मुलांची बुद्धी पाच मिनिटांत कमी होत नाही. 'आता आपल्याला वेगळं मोजणार' ही जाणीव मनात आली की लक्ष कोड्यावरून उडते. वर्गात "शिष्यवृत्तीवाले उभे राहा" असे पुकारले जाते, तेव्हा पुढच्या तासाला मुलाचे लक्ष का लागत नाही, ते यावरून समजावे.

मसूरच्या स्टेशनवरची मुले

हा अनुभव आपल्याला नवा नाही. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत १९०१ चा एक प्रसंग लिहिला आहे. वडील नोकरीच्या गावी होते. त्या गावाचे नावही बाबासाहेबांनी 'गोरेगाव' असेच लिहिले आहे, पण ते सातारा जिल्ह्यातले. सुट्टीत मुलांना तिकडे बोलावले होते. प्रवासासाठी नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे बूट आणि रेशीमकाठी धोतरे घेतली होती. मुले आनंदात मसूर स्टेशनवर उतरली. वडिलांना पत्र मिळाले नसल्याने न्यायला कुणी आले नव्हते. कपड्यांवरून स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणाची मुले वाटली आणि त्याने आपुलकीने चौकशी केली. जात कळताच त्याचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे देऊनही गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने चालायचे, या अटीवर प्रवास झाला. बरोबर जेवण होते, पण रात्रभर पाणी मिळाले नाही. बाबासाहेब तेव्हा नऊ वर्षांचे होते.

शाळेत कोपऱ्यात वेगळे बसणे, बसायचे गोणपाट रोज घरी घेऊन जाणे, शिपायाने नळ सोडला तरच पाणी पिणे, हे सगळे त्यांना त्याआधीही माहीत होते. पण जगाची रीतच अशी, असे समजून ते चालले होते. मसूरच्या प्रसंगाने त्यांना पहिल्यांदा विचार करायला लावले, असे ते लिहितात. दोष आपल्या कपड्यांत, आपल्या बोलण्यात, आपल्यात नव्हता. तो पाहणाऱ्याच्या नजरेत होता.

आपल्या मुलाला हीच एक गोष्ट कळायला हवी. अपमान झाला की मूल आतल्या आत म्हणते, 'माझ्यातच काहीतरी कमी आहे.' तिथे मोठ्या माणसाने त्याला सांगायचे, "तुझ्यात कमी नाही. जे झालं ते चूक होतं आणि चूक त्याची होती." यामुळे अपमान नाहीसा होत नाही, पण तो मुलाच्या स्वतःबद्दलच्या चित्रात मिसळत नाही.

मात्र याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. प्रत्येक कमी गुणाला, प्रत्येक भांडणाला जातीचे कारण दिले, तर मूल प्रयत्न सोडते. सरांनी गृहपाठ न केल्याबद्दल सगळ्यांनाच उभे केले असेल, तर तो अपमान नाही. काय घडले, कोण काय म्हणाले, बाकीच्यांनाही तसेच वागवले का, हे शांतपणे विचारून मगच ठरवावे.

शरीराकडे आधी पाहा

मनाचे कारण शोधण्यापूर्वी शरीराची तपासणी करावी. 'आळशी', 'मंद', 'लक्ष नाही' असे शिक्के बसलेल्या अनेक मुलांचा त्रास साधा असतो.

रक्त कमी असणे: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के आणि मुलग्यांपैकी सुमारे ३१ टक्के रक्तक्षयी आहेत. रक्त कमी असलेले मूल दुपारी पेंगते, जिना चढताना धापते, वाचलेले लक्षात राहत नाही म्हणते. मग ते स्वतःलाच 'ढ' समजू लागते. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी आणि वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळी फेकून देऊ नये. लोहाची गोळी उपाशीपोटी घेऊ नये, जेवणानंतर घ्यावी. पालेभाजी, मोड आलेली मटकी-मूग, कलेजी, अंडी आहारात असावीत. वरून लिंबू पिळावे आणि जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा देऊ नये, चहामुळे लोह नीट लागत नाही.

डोळे: मागच्या बाकावर बसवल्यावर फळा दिसत नाही, हे मूल सांगत नाही, कारण चष्मा लागला तर चिडवतील अशी भीती असते. वर्षातून एकदा डोळे तपासून घ्या.

झोप: या वयात रात्री झोप उशिरा येऊ लागते, हा शरीराच्या घड्याळातला बदल आहे. पण सकाळची शाळा बदलत नाही. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी. दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही रात्री अकरापर्यंत चालू असेल तर ती मिळणार कुठून? घरातल्या मोठ्यांनी दहाला टीव्ही बंद केला आणि मोबाईल सगळ्यांचेच एका फळीवर ठेवले, तर तो नियम मुलाला शिक्षा वाटत नाही.

पाळी: नव्या शाळेत शौचालय कुठे आहे, पाणी आहे का, पॅड कुणाकडे मागायचे, हे मुलीला पहिल्याच आठवड्यात विचारा. कपड्याला डाग लागून वर्गात हसे झाले, तर ती पुढच्या महिन्यात ते चार दिवस शाळेत जात नाही, आणि अभ्यास मागे पडण्याची सुरुवात तिथून होते. दप्तरात एक पॅड आणि जुनी ओढणी कायम असू द्या. पाळी विटाळ नाही, हे आपल्या घरात वेगळे सांगायची गरज पडू नये.

रंग आणि पुटकुळ्या: गोरे होण्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या काही मलमांत स्टिरॉइड असते. आठ दिवस चेहरा उजळतो आणि नंतर त्वचा पातळ होते, लाल पडते, पुटकुळ्या वाढतात, केस उगवतात. डॉक्टरांशिवाय असे मलम लावू नये. आणि घरात "काळी पडलीस", "पावडर लाव जरा", "हिचं लग्न कसं होणार" असली वाक्ये गमतीतही बोलू नयेत. मोबाईलवरचे चेहरे फिल्टर लावून गुळगुळीत केलेले असतात, हे मुलांना दाखवून द्या. एकाच माणसाचा फिल्टर लावलेला आणि न लावलेला फोटो शेजारी ठेवला की पटते.

आणखी एक गोष्ट. या वयात मुलाला वाटते की सगळे जण सतत आपल्याकडेच बघताहेत. फाटलेला बूट, एक पुटकुळी, चुकलेला शब्द साऱ्या शाळेने पाहिला, असा त्याचा ग्रह होतो. हे नाटक नाही, वाढत्या वयाचे लक्षण आहे. "तुला कोण बघतंय?" म्हणून ते झटकू नये. "मलाही तुझ्या वयात असंच वाटायचं," एवढे म्हटले तरी पुरे.

घरात काय करावे

पहिले, विचारण्याची पद्धत बदला. "अभ्यास झाला का?" या प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढेच येते. "आज डबा कुणाबरोबर खाल्लास?" हा प्रश्न अधिक कामाचा. डबा एकट्याने खाल्ला, असे आठवडाभर उत्तर आले तर समजावे की मूल अजून रुळलेले नाही. एखाद्या शाळेत एक जरी मित्र झाला, तरी तिथे जावेसे वाटते.

दुसरे, कौतुक नेमके करा. "तू लय हुशार" म्हटल्याने मूल पुढच्या परीक्षेला घाबरते. "काल तू इंग्रजीचे दहा शब्द स्वतः शोधून लिहिलेस, ते बरं केलंस" हे वाक्य त्याला पुरावा देते. स्वतःबद्दलचे चांगले मत अशा लहान पुराव्यांवर उभे राहते. म्हणून घरातली एक जबाबदारी त्याच्याकडे पूर्णपणे सोपवा. रेशनची नोंद ठेवणे, लाईट बिल भरणे, आजीची औषधे वेळेवर देणे, काहीही चालेल. मुलगे आणि मुली दोघांनाही. फक्त धुणीभांडी मुलीवर आणि बाहेरचे काम मुलाकडे, अशी वाटणी नको.

तिसरे, सेमी इंग्रजीची अडचण नाव घेऊन सांगा. "तुला गणित येतं, त्याची इंग्रजी नावं येत नाहीत. ती दिवाळीपर्यंत येतील." एक छोटी वही करून रोज पाच शब्द मराठी-इंग्रजी लिहिले, तर पहिल्या सत्राअखेर दोन-तीनशे शब्द होतात.

चौथे, आपल्या बोलण्याला आवर घाला. सम्यक वाचा आपण विहारात ऐकतो. खोटे, चहाडी, कठोर आणि व्यर्थ बोलणे टाळावे, असे ती सांगते. घरात सर्वाधिक मोडते ती कठोर बोलण्याची बाब. "तुझ्यासाठी धुणीभांडी करते आणि तू असे गुण आणतोस" हे वाक्य थकलेल्या आईच्या तोंडून निघते, यात नवल नाही. पण मूल त्यातून एवढेच ऐकते की आपण घरावर ओझे आहोत.

बाबासाहेबांच्या नावाचा धाक नको

आपल्या घरांत आणखी एक वाक्य फार वापरले जाते. "बाबासाहेब किती कष्टानं शिकले, आणि तुला सगळं देऊन जमत नाही!" हेतू चांगला असतो. पण मुलापुढे एकदम डोंगर उभा राहतो, आणि ज्यांच्या नावाने उभारी यायची त्यांच्याच नावाने ते मान खाली घालते.

बाबासाहेबांचे हायस्कूलचे दिवस नीट सांगितले तर त्यातून वेगळे काही निघते. मुंबईत आल्यावर परळच्या डबक चाळीत सगळ्या कुटुंबाला एकच खोली होती. एल्फिन्स्टन हायस्कुलात असताना ते फळ्याकडे निघाले, तर फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून मुले ते उचलायला धावली. संस्कृत शिकायचे होते, तर जातीमुळे नाकारले गेले आणि पर्शियन घ्यावे लागले. म्हणजे त्यांनाही नवी शाळा सोपी गेली नाही.

पण काही गोष्टी घट्ट होत्या. खोलीत जागा नव्हती म्हणून रात्री दोनला त्यांना उठवून अभ्यासाला बसवणारे वडील रामजी होते. चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसणाऱ्या या मुलाची चौकशी करणारे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर होते. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. एका मोठ्या माणसाने एका मुलाकडे नीट पाहिले, त्याला नावाने ओळखले, आणि त्याची वाट पुढे किती लांब गेली ते आपण जाणतो. मुलांना बाबासाहेब सांगताना हा भाग सांगावा, आणि आपण स्वतः रामजी आणि केळुसकर होण्याचा प्रयत्न करावा.

तुलनेबद्दल धम्मातही नेमका विचार आहे. दहा संयोजनांत 'मान' हे एक बंधन सांगितले आहे. 'मी श्रेष्ठ' हा जसा मान, तसाच 'मी हीन' हाही मान, आणि 'मी अगदी बरोबरीचा' असे सतत मोजत राहणे हाही मान. माणूस म्हणून सगळे समान, हे आपले तत्त्व आहेच. बंधन आहे ते दिवसभर स्वतःला दुसऱ्याच्या शेजारी उभे करून मोजण्याच्या सवयीचे. शेजारच्या मुलाचे टक्के विचारून आपण ही सवय मुलाला लावतो.

विहार काय करू शकते

आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो आणि विहारा-विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे वाचन होते. रोजचे एखादे पान आठवी-नववीच्या मुलामुलींकडून वाचून घ्या. चुकले तर हसू नका, थांबून पुन्हा वाचू द्या. वर्गात उभे राहून बोलण्याची भीती घालवायला याहून चांगली जागा नाही, कारण इथे ऐकणारे सगळे आपले असतात.

शक्य असेल तिथे संध्याकाळी विहार दोन तास अभ्यासासाठी उघडे ठेवा. कॉलेजात गेलेल्या आपल्याच मुलांना आठवड्यातून एकदा बोलवा. त्यांनी अभ्यास शिकवला नाही तरी चालेल. "आठवीत मीपण तीन महिने कुणाशी बोलत नव्हतो" एवढे सांगितले तरी समोरच्या मुलाला कळते की ही अवस्था संपते.

शाळेशी कसे बोलावे

पालकसभेला कामाचा खाडा करून जाणे अवघड असते, पण पहिल्या सत्रात एकदा तरी वर्गशिक्षकांना भेटा. तक्रार घेऊन नको, ओळख करून द्यायला. शिष्यवृत्तीची नावे वर्गात न पुकारता कागद देऊन किंवा स्वतंत्र बोलावून सांगावीत, अशी विनंती तीन-चार पालकांनी मिळून करावी. पुष्कळ शिक्षकांच्या हे लक्षातच आलेले नसते आणि ते लगेच ऐकतात.

जातीवरून हिणवणे, मारणे, वर्गाबाहेर ठेवणे घडले असेल तर दिवस, तास, शब्द आणि साक्षीदार लिहून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करण्यास मनाई आहे. शाळेत तक्रारपेटी आणि सखी-सावित्री समिती ठेवण्याचे शासनाचे आदेश आहेत. तिथे दाद लागली नाही तर शिक्षण निरीक्षकांकडे जाता येते. अर्ज करण्याआधी मुलाला विचारा. त्याला न विचारता शाळेत जाऊन भांडण केले, तर दुसऱ्या दिवशी वर्गात त्यालाच तोंड द्यावे लागते.

केव्हा मदत घ्यावी

नव्या शाळेत रुळायला दोन-तीन महिने लागणे साहजिक आहे. पण पुढील गोष्टी दोन आठवड्यांहून अधिक टिकल्या तर थांबू नका: रोज उदास किंवा चिडलेले असणे, झोप किंवा भूक खूप कमी-जास्त होणे, शाळेच्या वेळी रोज पोट किंवा डोके दुखणे, पूर्वीचा खेळ आणि मित्र सोडून देणे. गुटखा, व्हाईटनर किंवा सोल्युशन हुंगण्याची शंका आली, हातावर ब्लेडचे व्रण दिसले किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" असे बोलणे कानावर आले, तर दोन आठवडेही थांबू नये. "मरावंसं वाटतं का?" असे प्रेमाने सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात येत नाही, उलट मूल मोकळे होते. त्या दिवसांत त्याला एकटे ठेवू नये.

जवळचे पालिकेचे आरोग्य केंद्र किंवा आपला दवाखाना इथून सुरुवात करता येते. जुहूच्या कूपर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. किशोरवयीन मुलामुलींसाठी शासनाच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात मोफत सल्ला केंद्रे असून महाराष्ट्रात त्यांना 'मैत्री क्लिनिक' म्हणतात. फोनवर बोलायचे असेल तर १४४१६ या 'टेलि मानस' क्रमांकावर दिवसरात्र मोफत, मराठीतही बोलता येते. संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. मानसोपचार म्हणजे वेड लागले, हा गैरसमज आपण सोडला पाहिजे. ताप आला की आपण डॉक्टरकडे जातो, तसेच हे आहे.

आज रात्री जेवताना एवढे करून पाहा. टीव्ही बंद ठेवा आणि आठवीतल्या मुलाला त्याच्या नव्या वर्गातल्या तीन मुलांची नावे विचारा. नावे आली तर ऐकून घ्या. नाही आली, तर रागावू नका. उद्या पुन्हा विचारा.

जय भीम. नमो बुद्धाय.